जावायाचे पाय आणि कोरियाचा डाव

मी उभ्या जन्मात एकाच माणसाला लोळवलं, आणि ते आमचे सोनपेठचे जावाई.

गुडघा धरला तसं पोरानं मला वाकड्या मुठीची काठी आणून दिली. ती मी ज्वारीच्या कोठीमागं टाकली. काठी धरणारा माणूस म्हातारा. मी कुठं म्हातारा हाय? (ताडकळसात माझ्या बरोबरीचे म्हातारे होऊन गेलेही. मी अजून व्हायचोय!) पण सून सुनीता माझ्याहून हट्टी.

"मामा, काठी धरा, न्हाईतर आठवडी बाजार बंद!"

बाजार बंद म्हणजे हाटेलातला चहा बंद, गप्पा बंद, वांगेवाल्यासंगं भांडण बंद. मग जगायचं कशाला?

तेवढ्यात नात आली. पूजा परभणीला कराटे शिकते. तिनं मोबाईलमध्ये कोरियाचा एक बाबा दाखवला. हातात अगदी माझ्यासारखीच काठी. गुंड अंगावर आला की मुठीचा आकडा त्याच्या घोट्यात घातला, खस्सकन ओढला, गुंड आडवा!

"आबा, तिकडं ही काठी न्हाई, हत्यार हाय."

"मग आधी का न्हाई सांगितलं, बाई?"

कोठीमागून हत्यार काढलं आणि तालीम सुरू केली. मोरीतली बादली पाडली. उभी करून ठेवलेली खाट पाडली. सुनीताचं वाळत घातलेलं लुगडं तर न लढताच पडलं. शेळीनं मात्र मलाच पाडलं. (हे घरात कुणाला माहीत न्हाई. तुमीपण बोलू नका!)

अशात अधिक महिना आला. लेक-जावायाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. आमच्याकडं रीत अशी, की आधी सासऱ्यानं जावायाचे पाय धुवायचे, मग पुरणाचे धोंडे वाढायचे. जावाई अंगानं भरलेले, पाट पुरंना, म्हणून प्लास्टिकची खुर्ची दिली. पुढं परात ठेवली. आमची मंडळी तांब्या घेऊन उभी राहिली. मी वाकायला गेलो आणि गुडघा अर्ध्यातच अडकला! खाली जाईना, वर येईना.

सुनीता दारातून बघायलीच होती.

"मामा, वाकता येत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. पाय हे धुतील. आन् आजपासून बाजारपण हेच करतील."

झालं! इथं हार मानली की बाजार गेला.

"कोण म्हणतंय वाकता येत न्हाई? वाकायची गरजच काय!"

मी काठी उलटी केली आणि आकडा जावायाच्या घोट्यात घातला. पाय तेवढा परातीत ओढून घ्यायचा होता, दुसरं काही न्हाई.

पूजा वरडली, "आबा, तो डाव दुश्मनाचा हाय!"

पण हाताला एवढीच सवय लागलेली. खस्सकन!

खुर्ची मागं गेली. खुर्चीसंगं जावाई गेले. निवत ठेवलेल्या धोंड्यांच्या ताटात पाठ टेकली आणि दोन्ही पाय आभाळाकडं! आता खरं सांगतो, जावायाचे पाय इतके सोयीचे मला कधीच मिळाले नव्हते. थेट हाताशी! मी मंडळीच्या हातचा तांब्या घेतला आणि तिथंच धुऊन टाकले.

"अवो, काय करायलात?" मंडळी किंचाळली.

"रीत!"

पाणी विजारीत शिरलं ते गळ्याशी बाहेर आलं. लेक रडायली का हसायली, कळंना. जावाई खालूनच शांतपणे म्हणाले, "मामा, रीत झाली असंल तर उठवा आता."

घोटा मुरगळला होता. जाताना आधार पाहिजे, म्हणून सुनीतानं माझं हत्यार जावायाच्या हातात दिलं. ते सोनपेठलाच गेलं. मागून निरोप आला, "पुढच्या अधिक महिन्याला पाय घरूनच धुऊन येतो."

बाजार मात्र मी सोडला न्हाई! दर आठवड्याला जातो. सुनीता माझा दंड घट्ट धरून संगं असते. कुणी विचारलंच, तर हळूच सांगतो, "सुनेचा गुडघा धरलाय. एकटं कसं सोडायचं?"