ताईची शेवटची मुलाखत

माझी ताई बारा वर्षं समुपदेशन केंद्रात कंत्राटावर काम करते. रडत आलेल्या माणसाला बोलतं करण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. पण कायमच्या जागेच्या मुलाखतीत ती दोनदा आपटली, आणि दोन्ही वेळा कायद्यावरच. "इथे कोणता कायदा लागू होतो?" असं विचारलं की बाईसाहेब सांगणार, "आधी मी त्यांना पाणी देईन." पाण्याला गुण नसतात. यंदाची मुलाखत शेवटची. पुढच्या महिन्यात वयाची अट आडवी येणार होती.

मग घरभर चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर घरगुती हिंसाचार, बाथरूमच्या दारावर गोपनीयता, आईच्या गोळ्यांच्या डब्यावर ज्येष्ठांचा सांभाळ. मी शिंपी माणूस. माझ्या कापडाच्या कपाटावर बालहक्क का चिकटवले ते तिलाच ठाऊक. सरावाला मुलाखत घ्यायची आईने. तिने चष्मा नाकावर ओढला आणि लगेच अध्यक्षीणबाई झाली. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायची, "ठीक आहे," आणि तोंड वाकडं करायची.

एका दुपारी तिने प्रश्नांचे कागद बाजूला ठेवले.

"समजा, एका बाईने घर मुलाच्या नावावर केलं. मुलाने समोरच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि तिला मागच्या खोलीत हलवलं. न विचारता. बोला."

मी काज करत होतो. सुई बोटात गेली.

"आई, हा काय प्रश्न झाला?"

"उमेदवाराला विचारलंय. शिंप्याने मध्ये बोलू नये."

ताईने धडाधड सांगितलं: घर देताना सांभाळायची अट लिहिली असेल आणि मुलगा ती पाळत नसेल, तर घर परत मागता येतं, अर्ज कुठे, किती दिवसांत, सगळं. मग केंद्रात विचारते तशी आईलाच विचारलं, "पण आजी, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"खिडकी. तिथून रस्ता दिसतो."

"आणि माझी गिऱ्हाइकं काय मागच्या दाराने येणार?" मी फणकारलो. दोघींनी मिळून मला घेरलं म्हणून मला चांगलाच राग आला होता.

प्रत्यक्ष मुलाखतीत ताईला विचारलं, कायदा माहीत असूनही तो वापरावा लागला नाही असं एखादं प्रकरण सांगा. तिने कलम सांगितलं, मुदत सांगितली आणि मग आमचंच प्रकरण सांगितलं, नावं गाळून. अध्यक्षांनी विचारलं, "मग मिळाली का आजींना खोली?" ताईने ठोकून दिलं, "आज मिळतेय."

बाहेर येऊन तिने मला फोन लावला. "मशीन हलव. नाहीतर मी आत खोटं बोलले असं होईल, आणि तशी नोकरी मला नको. उद्या जाऊन नाव काढून घेईन." मी हो-ना करायच्या आत फोन ठेवलासुद्धा.

ती बोलते ते करते. म्हणून मी मुकाट्याने मशीन मागे ओढत नेलं. नियुक्तीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं, ताई नाचली, मी पेढ्यांऐवजी तिला नवा ड्रेस शिवून दिला. पण मशीन हलवलं त्या दिवशी आईचं सामान आणायला मी तिच्या मागच्या खोलीत गेलो, तर कॉटखाली कपड्यांची मोठी पिशवी गच्च भरून, तोंड बांधून ठेवलेली.

"एवढ्यात भरलीससुद्धा?" मी हसून विचारलं.

"नाही रे," आई म्हणाली. "तू मला इकडे आणलंस ना, तेव्हापासून ती सोडलीच नाही."