भुंडे हात

पुतणीला चुडा भरायला आज कासारीण आली. साबणाचं पाणी करून तिने पोरीचा हात चोळला, आणि त्या वासासरशी मला तीस वर्षांपूर्वीचं इस्पितळ आठवलं.

आई तिथे शेवटच्या दुखण्यात होती. उपाय संपले, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तिचे हात इतके सुजले की काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या. साबण लावूनही निघेनात, तेव्हा नर्सबाईंनी त्या फोडून काढल्या.

इतक्या दिवसांत वेदनेने न ओरडलेली आई तेव्हा ओरडली. "तुजा बा जिता हाय ना गं? मंग माजं हात भुंडं का केलं?"

"सूज उतरली की परत भरू."

"मी मेल्यावर भरशील," ती म्हणाली.

मला तो खुळेपणा वाटला. मी औषधाच्या वेळा पाळत राहिले. बांगड्यांच्या जागी मनगटांना हिरवा दोरा बांधून द्यावा, एवढं साधं काम मला सुचलं नाही.

दुपारी बा मिठागरावरून आला. त्याला पाहताच तिने दोन्ही हात चादरीखाली घेतले. तिचे ओठ सुकून फुटले होते. बाने पाण्याचा पेला पुढे केला. "घे गं, घोटभर."

दुसऱ्याने पाजलेलं पाणी ती पीत नसे, पेला स्वतःच्याच हातात धरायची. तेवढाच ताठा तिच्यात उरला होता.

"तान न्हाय मला," ती म्हणाली, आणि बा जाईपर्यंत त्या पेल्याकडे बघत राहिली.