साहेबांचा हिस्सा

आमच्या जुन्या घरात चूल आणि जाळं एकाच खोलीत. वर ओलं जाळं वाळत टाकलेलं, खाली माझी भाजी. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याचं डोकं खात होते, "मले येगळं सैपाकघर पायजे!" शेवटी एकदाचा तो घराच्या कर्जासाठी बँकेत गेला.

साहेबांनी पगाराची स्लिप मागितली. "पगार कोन देईन जी, मासोळ्या?" नवरा म्हणाला. साहेब हसले नाहीत. धंदा पाहायला येतो म्हणाले, आणि कमाई दिसली नाही तर कर्ज विसरा.

ते आले त्या सकाळी मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नवी साडी नेसून उभी. नवऱ्याने आणि बाकीच्या माणसांनी जाळं ओढलं, माणशी एक असे मासोळीचे सारखे ढीग पडले. आमच्याकडे वाटणीच्या वेळी पाळीवर परका माणूस असेल तर त्यालाही सगळ्यांइतकाच हिस्सा मिळतो. नाही दिला तर तलाव रुसतो म्हणे. रिवाजाप्रमाणे सासूबाईंनी एक ढीग पिशवीत भरला आणि साहेबांच्या हातात कोंबला.

साहेब लालबुंद. "मला लाच देता? अशी केस मी इथंच बंद करतो!" त्यांनी खरंच फाईल मिटली. माझं सैपाकघर माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलं.

मग माझी जीभ कुठली थांबते! "लाच कायची जी? कुत्रं उभं रायलं तरी त्याच्यापुढं टाकतो आमी. तुमी त मानूस आहा!"

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "माह्या पोराएवढाच हाये तुमचा हिस्सा. जास्त नाही देल्ला."

"अगदी तेवढाच?" साहेब थबकले. पिशवीकडे पाहिलं, नवऱ्याच्या ढिगाकडे पाहिलं. मग माझा मासोळी विकायचा तराजू मागून त्यांनी स्वतःचीच मासोळी तोलली, बाजारचा भाव विचारला, महिन्यात किती वेळा जाळं टाकता ते विचारलं आणि फाईल उघडून लिहायला लागले. नवऱ्याची कमाई त्यांच्याच पिशवीत होती.

फुकट मात्र नेणार नाही म्हणाले. मी भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली. माझं अख्खं घर त्यांच्या पेनाला लटकलेलं, तरी मी एक रुपया सोडला नाही. सवय, दुसरं काय! पूर्ण पैसे देत ते पहिल्यांदा हसले. "धंदा दिसला, बाई."

कर्ज मंजूर झालं, घर उभं राहिलं. नव्या सैपाकघरात पहिल्याच दिवशी मी वरण शिजायला ठेवून वळले, तर सासूबाई स्टुलावर चढून ओलं जाळं बांधताहेत.

"इतं काहून जी?"

"इतं हवा चांगली लागते."

अस्सा राग आला! तोंड उघडलं, तेवढ्यात वरून एक थेंब थेट वरणात पडला. मी तोंड मिटलं आणि वरणावर झाकण ठेवलं. हप्ता त्याच जाळ्यातून निघायचा होता.