कोठीजवळची वरात

मुलाच्या लग्नात मी माझ्या जन्मापासून बहिरी असलेल्या बहिणीला कानात घालायला कापूस दिला.

झालं असं, की डीजेची गाडी घुग्घुसहून आली, अंगणासमोर उभी राहिली आणि चाचणी म्हणून एकदाच वाजली. शेजारच्या घराच्या छपरावरचे कवेलू खडखडले. वरबाप म्हणून सगळी व्यवस्था माझ्याकडे होती, निदान माझा तसा समज होता. मी कापसाचा पुडा फोडला आणि ओसरीवरच्या वयस्कर मंडळींना दोन-दोन बोळे वाटत सुटलो. काका, मावशी, आणि त्याच ओघात बाई. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. तिने तळहातावरचे बोळे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि अशी खळखळून हसली की सगळी ओसरी हसायला लागली.

"वा रे वरबाप!" मावशी म्हणाली. "आता टकल्या काकाले कंगवा दे!"

बाईने मात्र माझी लाज राखायला ते बोळे खरोखरच कानात घातले आणि झकास म्हणून मान हलवली.

ओशाळलेला माणूस लगेच काहीतरी शहाणपणाचं करायला जातो. मीही गेलो.

आमच्याकडे नवरदेव मारोतीच्या देवळात पाया पडायला निघाला की सगळं घर मागोमाग निघतं. मग दागिने, आहेर, पाहुण्यांच्या पेट्या राखायला एक माणूस मागे ठेवावं लागतं. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात ते माणूस म्हणजे बाई. माझ्या लग्नातही तीच. तिला वाजंत्री ऐकू येत नाही, मग तिचं असं काय बुडतं, हा हिशेब. चोर दार फोडून आत आला असता तरी तिला ऐकू गेलं नसतं, हे मात्र इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बाईचं लग्न झालं नाही. माझा मुलगा तिच्याच मांडीवर वाढला. त्या दिवशी तिने जांभळं नवं पातळ नेसलं होतं, आणि नेहमीच्या चपला सोडून पट्ट्याच्या सँडल घातल्या होत्या. ती माझ्याजवळ आली. गाडीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग एका तळहातावर दुसऱ्या हाताची दोन बोटं नाचवली. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. तिच्या खुणा मी बोलायच्या आधी शिकलो. मी हातवाऱ्यांनीच उत्तर दिलं: गर्दी आहे, ऊन आहे, आणि तुला ऐकू काय येणार? मग कपाटाच्या चाव्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. तिने तो मुकाट्याने कमरेला खोचला.

वरात निघाली. मी नाचलोसुद्धा. माझं नाचणं म्हणजे धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलातून पाय उपसणं, पण वरबापाला कोण बोलणार? देवळाच्या पायऱ्यांशी पोचल्यावर कळलं की नारळ घरीच राहिला. मीच आठवणीने बाजूला काढून ठेवलेला. मग मीच धावलो.

पुढचं दार आतून लावलेलं. बाईला दार वाजवून उपयोग नाही, म्हणून परसातून शिरलो. मधल्या खोलीत आमची धानाची कोठी आहे, पत्र्याची, माणसाएवढी उंच. उन्हाळ्यात ती जवळजवळ रिकामी असते. बाई त्या कोठीला पाठ टेकून उभी होती. दोन्ही तळहात मागे पत्र्यावर पसरलेले. सँडल काढून नीट जोडीने बाजूला ठेवलेल्या. डोळे मिटलेले, कानात माझा कापूस. देऊळ आमच्या मागच्याच गल्लीत. डीजेच्या प्रत्येक ठोक्याला कोठीचा पत्रा थरथरत होता, फळीवरच्या ताटल्या किणकिणत होत्या, आणि बाईची टाच प्रत्येक ठोक्याला बरोब्बर जमिनीवर पडत होती. मी अर्धा तास गाडीच्या पुढ्यात नाचून एकही ठोका धड पकडला नव्हता.

तिने डोळे उघडले. मला पाहून तिने हात असे झटकन काढले, जणू चोरी करताना सापडली. पदर सारखा केला, कमरेच्या चाव्यांना हात लावून दाखवला. सगळं जागच्या जागी आहे.

मी नारळ उचलला आणि निघून गेलो.

तिला सोबत न्यायला किती वेळ लागला असता? दाराला कुलूप घालायला लागतो तेवढा. पण तिकडे माणसं खोळंबली होती, आणि मग घर कोण राखणार? असले प्रश्न मला वेळेवर फार छान सुचतात.

दुसऱ्या दिवशी डीजेवाला राहिलेली वायर न्यायला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बहिऱ्या माणसाला यातलं काही कळतं का हो?

"काऊन नाई कळत भाऊ?" तो म्हणाला. "आमच्या तिकडे एक आहे. बेसच्या डब्ब्याले पोट लावून उभा राहते. खुणेनं सांगते, का छातीत कोणी चालून राह्यलं असं वाटते. आमचा ताल चुकंल, त्याचा नाई चुकत. तुमच्याकडे आहे का कोणी? आणाचं होतं ना समोर!"

"घरी काम होतं," मी म्हणालो.

मग एकेक आठवायला लागलं. सिंदेवाहीला जाताना जुन्या एसटीत बाई ड्रायव्हरच्या बाजूची, इंजिनाजवळची सीट धरायची. ती पायाला चटके देणारी जागा तिला का आवडते, तर रस्ता दिसतो म्हणून, असं मी सगळ्यांना समजावून सांगायचो. लहानपणी दंडारीच्या नाचात ती ढोलकीवाल्याच्या अगदी मांडीशी जाऊन बसायची आणि आई तिला ओढून मागे आणायची. हे सगळं मी पाहिलेलं होतं.

भरपाई म्हणून मी एक दिवस मुलाचा मोठा स्पीकर लाकडी तखतावर ठेवला, बाईला तखतावर बसवलं आणि आवाज वाढवला. तिने फळीवर हात ठेवला. हसली, माझ्या समाधानापुरती. मग दोन्ही हात उघडून खोलीभर फिरवले: माणसं कुठे आहेत? आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला उठून गेली. मला मुलगा एकच. आमच्या दारातून आता वरात निघायची नाही.

नारळ आणायला गेलो तेव्हा काय पाहिलं, ते मी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. परवा बायकोला सांगितलं.

"तवाच काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मी राह्यली असती ना घरी. मले तसंबी त्या आवाजानं डोकं दुखून राह्यलं होतं, आन् कापूस तर तुमी बाईले देऊन बसले होते."