शनिवारचं इंग्रजी आणि सरस्वतीचे वडील

मंडळी, आज शाळेतून फार दमून आलोय, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांनी आपल्या घरच्या कामाबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत बोलावं, अशी सूचना मी दर आठवड्याला फळ्यावर लिहितो. तीन शनिवार कुणी फिरकलं नाही. आज वरच्या वर्गातली सरस्वती आली. मागोमाग तिचे वडील, इथल्याच दारासुरम गावचे रेशीम विणकर.

"हिचं नाव शाळेतून काढायला आलोय," ते तमिळमध्ये म्हणाले. "घरी मागावर माणूस कमी पडतो."

"पाचच मिनिटं बसा," मी म्हटलं.

सरस्वती अडखळत मागाबद्दल बोलली. वडिलांना इंग्रजी कळेना, म्हणून मी तमिळमध्ये सांगत गेलो.

"चुकलं!" ते मध्येच म्हणाले. "धाग्याला रंग आधी, खळ नंतर. पुन्हा सांग म्हणावं तिला."

तिनं पुन्हा सांगितलं. वडील मान डोलवत ऐकत होते. नाव काढायचं बोललेच नाहीत. उठताना म्हणाले, "पुढच्या शनिवारी विषय काय?"

मी ठरवलाच नव्हता. खरं तर हे सगळं आजपासून बंदच करणार होतो. आता डोकं चालत नाही. तुम्हीच सुचवा, बापालाही चुका काढता येतील असा विषय कोणता?