स्क्रिप्टनं आडनाव विचारलं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगल केली. आपण कॉम्प्युटरवाले... जे लिहिलं तेच चालतं. म्हणून हे लिहायला लाज वाटतेय. खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, ती पुढं येईल.

वाळूजच्या एका कारखान्यात मी युनिक्सचं मशीन सांभाळायचो. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. नवा माणूस आला की लोक आधी आडनाव काढून घ्यायचे — जात कळली, बाजू कळली. अशात स्टोअरला सुधाकर नावाचा क्लार्क लागला. पडेगावहून सायकलवर यायचा. नाव विचारलं की "सुधाकर" एवढंच. मी गंगापूरकडच्या शेतीवाडीवाल्या घरातला, शिकलेला. मी विचारलं नाही. मनात मात्र सारखं तेच घोळायचं.

नव्या माणसाला मशीनवर खातं उघडून द्यायला मी शेल स्क्रिप्ट — मशीननं ओळीनं पाळायच्या हुकमांची फाइल — लिहिली होती. ती रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालायची. त्यामुळे समोरचा काय टाइप करतो यावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा दंडक. अक्षरांशिवाय काही आलं की स्क्रिप्ट तिथंच बंद. आणि ती विचारायची एकच गोष्ट — नाव.

डबा खाऊन झाल्यावर सुधाकरला टर्मिनलवर बसवलं. Naav: आलं. त्यानं टाइप करून एंटर मारलं. खाली आणखी एक ओळ उमटली — Aadnaav:

त्याचे हात कीबोर्डवरून उठले.

"साहेब, ह्याला आडनाव कशाला लागतंय?"

"नाय लागत... हे कुठून आलं?"

"तुमीच लिव्हली ना ही?"

"व्हय, पण..."

"मग मशीनच्या आडून कशाला? तोंडानं इचारायचं की. सांगितलं असतं."

तो उठून गेला. मी घाईनं स्क्रिप्ट उघडली. उत्तर विचारून घेणारी read ची ओळ एकच, नावाची. फाइल शेवटची बदलल्याची तारीख जुनी. रूटचा पासवर्ड फक्त माझ्याकडं. दुसऱ्यांना बसवून पाहिलं, तर फक्त नाव विचारलं. आणि 'आ'साठी डबल ए लावून लिहायची सवय... ती माझीच.

मी ती ओळ लिहिली नव्हती, आईशप्पथ. हेच सांगायला स्टोअरपर्यंत गेलो. त्यानं मान वर केली, "बोला साहेब" म्हणाला. "खातं उघडलंय तुमचं," एवढंच बोलून परत फिरलो.

हे कसं झालं, मला आजही उलगडलेलं नाही. कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा. फक्त, तो प्रश्न माझा नव्हता असं म्हणून माझी समजूत काढू नका.