आषाढात सुई बंद

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आषाढ लागल्यापासून दिवाळी होईपर्यंत पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर वाकळ शिवणे बंद आहे. तक्रार कोणाकडेही करावी, उपयोग होणार नाही. हा हुकूम सरकारचा असता तर चार ओळखी लावून मोडता आला असता. पण तो माझ्या आईच्या मानलेल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या वाकळवाल्या मावशीचा होता, आणि तिच्याइतकी हट्टी बाई परशुरामाने समुद्र मागे हटवल्यापासून या भूमीवर झालेली नाही.

गोवा राज्य झाले ते नेमके पावसाच्या तोंडावर. आमच्या पंचायतीतल्या एका उत्साही गृहस्थांच्या मनात आले की मंत्र्याला शालीऐवजी मावशीच्या हातची वाकळ द्यावी. ते आले तेव्हा मावशी जुने कपडे पेटीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "राज्य झाला म्हणान पावस थांबतलो काय? दिवाळेक येवा."

"दिवाळेपर्यंत मंत्री बदलतलो गे."

"मगे बरा झाला. नव्याक देवया."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून हाताने टाके घातलेली गोधडी. मावशी चैत्र-वैशाखात घरोघरचे जुने कपडे गोळा करायची, धुऊन सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, तापल्या दगडांवर वाळवायची. ते दिवसभर उलटेसुलटे करून प्रत्येक कपडा गालाला लावून बघायची. मुका घेतल्यासारखे तिचे ते ध्यान पाहून नव्या सुना पदरात तोंड लपवून हसायच्या. मग कपडे कडुलिंबाच्या पाल्यासकट पेटीत जायचे आणि मावशी चार महिने ओट्यावर पाय पसरून पाऊस बघत बसायची. दिवाळी झाली की सारवलेल्या जमिनीवर कापड अंथरायचे ते शिमग्यापर्यंत उचलायचे नाही. पावसात काय बिघडते, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "पावसात कापड पाणी पिता. प्यालेल्या माणसाक कामाक लावतंस तू?"

हरमलला एक दाढीवाला गोरा राहायला आला होता. त्याला आठवड्यात वाकळ हवी होती. मावशीने बोटे दाखवून त्याला महिने मोजून दिले. तो खरोखरच राहिला, आणि मिळाली तोपर्यंत वाकळ पांघरायची थंडीच संपली होती. डिचोलीच्या एका व्यापाऱ्याला दुकानात ठेवायला ढीगभर वाकळी हव्या होत्या, त्याही लगेच. मावशीने त्याला चहा दिला आणि चहाबरोबर एक सुई दिली. तो पुन्हा फिरकला नाही.

या सगळ्याला आम्ही हसायचो. पण मावशी जन्मापासून अशी नव्हती. एके काळी ती तालुक्यातली सर्वांत घाईची बाई होती. हरमल-मांद्र्याला पाहुण्यांसाठी खोल्या काढणारे लोक तिच्याकडे वाकळी मागायचे, आणि ती ऊन-पाऊस न बघता शिवून द्यायची. लेक पहिल्या बाळंतपणाला आली ती श्रावणात. परक्यांच्या वाकळी आधी झाल्या, नातवाची मागे राहिली. ती मावशीने भर पावसात घाईघाईने उरकली आणि चुलीवरच्या दांडीवर सुकवली. वरून वाकळ ऊनऊन लागत होती. बाळ दिवस भरण्याआधीच आलेले, मुठीएवढे. छातीत कफ भरला आणि महिनाही न काढता ते गेले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पोर मुळातच अशक्त होते, कोणाचाच दोष नाही. मावशीने मान हलवली, घरी आली आणि वाकळ उसवायला बसली. मी दारातच होतो. मधला थर हाती आला तेव्हा तिने तो गालाला लावला आणि तशीच बसून राहिली. लेक मागे उभी होती. तिने वाकून हात लावला आणि एवढेच म्हणाली, "ओली आसा गे."

त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींपाशी वाकळ हा शब्द उच्चारला नाही.

पुढे दर दिवाळीनंतर मावशी एक छोटी वाकळ सगळ्यांत आधी शिवायला घ्यायची. कोणासाठी, ते आम्ही विचारत नसू. मधला थर कायम जावयाच्या जुन्या लुंगीचा असायचा. जावई डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर, त्यामुळे लुंगी कितीही धुतली तरी पाणी लालच. ती वाकळ वर्षभर पेटीत वाट बघायची. लेकीकडून गोड बातमी यायची नाही. मग नवी झाली की जुनी वाड्यावरच्या कुणाच्या तरी बाळाला जायची. आमची अर्धी पोरे त्या जावयाच्या लुंगीत वाढली.

आणि बऱ्याच वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस गेले. बाळंतपण सासरीच करायचे ठरले. तिथे दवाखाना जवळ आहे, असा निरोप आला. मावशी म्हणाली, "बरोबर आसा," आणि दिवसभर जेवली नाही.

बारसे आषाढात, धो धो पावसात. सोबतीला मी गेलो. मावशीने वाकळ आधी टॉवेलात, मग प्लास्टिकात, मग आणखी एका प्लास्टिकात बांधली होती. ट्रकवर खनिजाला ताडपत्री घालतात तेही इतके कसून बांधत नसतील. तरी बसमध्ये तिने सगळे सोडून गाल लावून पाहिला, पुन्हा बांधले, डिचोली यायच्या आत पुन्हा सोडले. शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन बसला.

घर बायकांनी भरले होते. कोणी झबले दिले, कोणी चांदीचे वाळे. मावशी दाराजवळ गाठोडे मांडीवर घेऊन बसली. विहीणबाईंनी घुगऱ्या दिल्या, त्या तिने हातात धरून ठेवल्या. मी डोळ्यांनी खुणावले, कोपराने ढोसले. ती दगडासारखी. नाव ठेवून झाले, बायका उठू लागल्या. मला कळून चुकले की ही वाकळ आली तशीच पेडण्याला परत जाणार.

तेवढ्यात पाळण्यात बाळ शिंकले. घोळक्यातून लेक सगळ्यांदेखत ओरडली, "आये, शिवतंस ता सावकाश, पण दितंस पण इतक्या सावकाश काय गे? पोराक थंडी लागता, दी बघया ती."